स्वामी सोडून गेलेल्याची लेखणी

बर्गंडीच्या व्हालोआ घराण्याचा शेवटचा ड्यूक चार्ल्स ५ जानेवारी १४७७ रोजी नान्सीच्या लढाईत मारला गेला. दोन दिवसांनी गोठलेल्या पाण्यात त्याचं प्रेत सापडलं. अंगावर कपडे नव्हते, चेहरा ओळखू येत नव्हता. जुन्या जखमा, पडलेले दात आणि लांब नखं यांवरून त्याच्या माणसांनी ओळख पटवली. त्याला मुलगा नव्हता. एकुलती एक मुलगी मारी त्याच वर्षी हाब्सबुर्गांची सून झाली, खुद्द बर्गंडी फ्रान्सच्या अकराव्या लुईनं घेतली, आणि चार पिढ्यांचं राज्य वाटलं गेलं.

आज चार्ल्स म्हटलं की हट्टी, कुणाचं न ऐकणारा, आपल्याच घमेंडीत बुडालेला माणूस डोळ्यांपुढे येतो. ही प्रतिमा मोठ्या प्रमाणात एका पुस्तकातून आली आहे : फिलिप द कॉमीनच्या आठवणी. कॉमीन १४६४मध्ये चार्ल्सच्या चाकरीत आला, त्याच्या खासगी दालनात वावरला, आणि ऑगस्ट १४७२मध्ये एका रात्री निघून लुईला जाऊन मिळाला. तिथे त्याला वार्षिक नेमणूक मिळाली, जहागिरी मिळाल्या. चार्ल्सनं त्याची मालमत्ता जप्त केली. तहांची, वेढ्यांची, गुप्त निरोपांची पानंच्या पानं लिहिणारा हा लेखक स्वतःच्या या निर्णयाला जेमतेम एक वाक्य देतो. कारण सांगत नाही.

कॉमीनची निरलसपणे तोलणारी, भावनेच्या आहारी न जाणारी भाषा वाचून त्याला निःपक्षपाती म्हणायचा मोह होतो. पण न सांगितलेलं कारण पुस्तकभर दुसऱ्या रूपात येतच राहतं. त्याच्या मते १४६५च्या मोंलेरीच्या लढाईत मैदान हाती राहिलं आणि तेव्हापासून चार्ल्सनं स्वतःखेरीज कुणाचा सल्ला मानला नाही. सर्वनाशाचं मूळ तिथे आहे. हे निदान कुणाचं? एका सल्लागाराचं. धन्यानं ऐकणं सोडलं असेल, तर सल्लागारानं धनी सोडण्यात दोष कसला? कारणमीमांसा वाटते ती मुळात कैफियत आहे.

आणि ती कैफियत त्याच्याच पुस्तकात टिकत नाही. १४६८मध्ये लुई पेरोनला चार्ल्सच्या कचाट्यात सापडला. कॉमीन सांगतो की ड्यूक रात्री कपडेही न उतरवता येरझाऱ्या घालत होता, सल्लामसलती चालू होत्या, आणि जवळ असलेल्या त्यानं आगीत तेल न ओतता त्याला शांत केलं. मोंलेरीनंतर तीन वर्षांनीही हा माणूस ऐकत होता तर! अखेरच्या मूल्यमापनातही अशीच खोच आहे. मी ओळखत होतो तेव्हा तो क्रूर नव्हता, मरणाआधी झाला, असं कॉमीन म्हणतो. म्हणजे त्यानं डोळ्यांनी पाहिलेला चार्ल्स प्रजेचं गाऱ्हाणं ऐकून घेणारा, अपार कष्ट करणारा होता. अधोगतीचा काळ मात्र त्यानं शत्रूच्या छावणीतून पाहिला.

पुस्तक कुणासाठी लिहिलं, तेही पाहावं. ते व्हिएनचा आर्चबिशप अँजेलो कातो याला उद्देशून आहे. हा कातो वैद्य. १४७६मध्ये ग्रांसोंच्या पराभवानं खचलेल्या चार्ल्सवर त्यानंच उपचार केले होते, आणि पुढे तोही लुईकडे गेला. लेखक आणि पहिला वाचक, दोघांनीही एकच घर सोडलेलं. अशा दोघांच्या बोलण्यात त्या घराच्या मालकाचा हट्टीपणा वादातीत ठरला, यात नवल नाही.

म्हणून कॉमीन टाकून द्यावा असं मुळीच नाही. पराभव त्यानं घडवले नव्हते, आणि चार्ल्सच्या चुका खऱ्याच होत्या. पण जिथे तो कारणं सांगतो तिथे सावध राहावं, आणि जिथे वस्तू दाखवतो तिथे विश्वास ठेवावा. चार्ल्सच्या मृत्यूनंतर मिलानमध्ये त्यानं एक मुद्रा पाहिली. ती धन्याच्या अंगरख्याला लटकलेली त्यानं कितीदा तरी पाहिली होती. आता ती दोन डुकॅटला विकली गेली होती. या माणसाला कपडे चढवताना आणि उतरवताना मोठमोठे सरदार किती अदबीनं वागत, हेही त्याला तिथेच आठवतं. हिशेबी कॉमीनला इथे काहीही सिद्ध करायचं नाही, आणि सोडून दिलेल्या धन्याच्या तो सगळ्यांत जवळ इथेच येतो.