धन्वंतरीच्या नांवावरील गोस्तनदेवीचा उतारा

गोस्तनदेवी टोंचण्याची विद्या जेन्नरच्या पूर्वींच हिंदुस्थानांत ठाऊक होती व ती धन्वंतरीच्या ग्रंथांत सांगितली आहे, हें विधान गेलीं दोनशें वर्षें एका पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत उतरत आलें आहे. इ. स. १९०५ त मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड अँप्टहिल यांनीं किंग इन्स्टिट्यूटच्या उद्घाटनप्रसंगीं त्याचा पुरस्कार केला; लगेच १९०६ त हरबिलास सारडा यांनीं आपल्या 'हिंदु सुपीरिऑरिटी' ह्या इंग्रजी ग्रंथांत त्यास स्थान दिलें. गव्हर्नरांनीं म्हटलें म्हणून ग्रंथकारानें लिहिलें व ग्रंथकारानें लिहिलें म्हणून वाचकांनीं मानलें, अशी ही परंपरा आहे. तिच्या मुळाशीं कागद कोणता, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

ह्या परंपरेचा मुख्य आधार इ. स. १८१९ च्या जानेवारींत 'मद्रास कूरियर' पत्रांत आलेलें एक पत्र होय. लेखकानें 'कल्वि विरुंबोन', म्हणजे तमिळांत 'विद्येची आवड असणारा', असें टोपणनांव घेतलें आहे. 'शाक्तेय ग्रंथ' नांवाच्या व धन्वंतरिकृत म्हटलेल्या ग्रंथाचा हवाला देऊन तो सांगतो कीं, गायीच्या सडावरील किंवा मनुष्याच्या दंडावरील फोडांतील लस शस्त्राच्या टोंकावर घ्यावी, खांदा व कोपर यांच्यामध्यें रक्त दिसेपर्यंत टोंचावें आणि लस रक्तांत मिसळूं द्यावी.

प्रथम बाह्य प्रमाण घेऊं. हा मजकूर असलेली जेन्नरपूर्व पोथी आजवर विद्वानांपुढें आलेली नाहीं. चरक व सुश्रुत मसूरिकेचा उल्लेख अगदीं थोडक्यांत करतात. माधवनिदानांत तिला स्वतंत्र प्रकरण मिळतें. भावप्रकाशांत शीतलेचें स्तोत्रहि येतें. परंतु गायीच्या सडावरील लस ह्यांपैकीं एकांतहि नाहीं. एवढा प्रभावी उपाय खुद्द धन्वंतरीनें सांगितला असतां पुढच्या एकाहि निबंधकारानें तो उचलूं नये, हें संभवत नाहीं.

अंतःप्रमाण तर त्याहून बोलकें आहे. गाय अथवा मनुष्याचा दंड, अशीं लसेचीं दोन उगमस्थानें ह्या उताऱ्यांत एका दमांत दिलीं आहेत. जेन्नरचा निबंध १७९८ त प्रसिद्ध झाला व त्यानंतर दंडावरून दंडावर लस चालविण्याचा परिपाठ पडला. ही लस बगदाद व बसरा ह्या मार्गानें मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्थॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती प्रथम लागू पडली. तिच्याच दंडावरील लसेपासून पुढें ती इतर प्रांतांत गेली. उताऱ्यांतील जागा, शस्त्र व कृति हीं सर्व ह्या नव्या परिपाठाशीं तंतोतंत जुळतात. ग्रंथ जुना आणि कृति नवी, असा हा प्रकार आहे.

मग हा बनाव कोणाचा? मद्रासचे कलेक्टर फ्रान्सिस व्हाइट एलिस हे संस्कृत व तमिळ यांचे गाढे जाणकार. १८१९ च्याच मार्चांत ते वारले. लस टोंचण्याविषयीं त्यांनीं संस्कृतांत लहानसें काव्य रचून जुन्या कागदावर लिहविलें व तें सांपडलें असें भासविलें, म्हणजे ब्राह्मणांस तो उपाय आपल्या गोमातेपासूनच निघाला असें वाटावें, ही हकीकत एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी लेखनांत नमूद आहे. डॉमिनिक वुजास्टिक यांनीं १९८७ त ह्या सर्व प्रकरणाचा साक्षेपानें शोध घेऊन त्यास 'धार्मिक कपट' ह्या अर्थाचें इंग्रजी नांव दिलें, तें यथार्थ आहे. पत्राचा लेखक व काव्याचा कर्ता एकच ठरो वा न ठरो, दोहोंचा हेतु एकच दिसतो. विशेष हें कीं, व्हॉल्तेरसारख्यास भुलविणारा 'एझूरवेदम' हा वेद नसून अर्वाचीन रचना आहे, हें सप्रमाण दाखविणारे हेच एलिस! त्यांचा तो निबंध 'एशियाटिक रिसर्चेस'च्या चौदाव्या खंडांत १८२२ त प्रसिद्ध झाला. दुसऱ्याचा बनावट ग्रंथ उघडकीस आणणाऱ्या पंडितास सत्कार्यासाठीं स्वतः तसाच ग्रंथ करावासा वाटावा, ह्यांत त्या काळच्या राज्यकर्त्यांची प्रजेविषयींची समजूत दिसते: लोकांस पटवून देतां येत नाहीं, त्यांना भुलवावें लागतें.

ही समजूत चुकीची होती. हॉलवेलनें १७६७ त बंगाल्यांतील टीका देण्याच्या चालीचें वर्णन केलें आहे. टोंचणारे ब्राह्मण ठराविक ऋतूंत गांवोगांव फिरत, मागील वर्षीं टोंचलेल्या फोडांतील द्रव्य कापसांत जपून ठेवीत, तें गंगाजलानें भिजवीत व पथ्य सांगत. हें द्रव्य मनुष्याच्या देवींचें होतें, गायीच्या नव्हे. म्हणून ह्या वर्णनानें शाक्तेय उताऱ्यास आधार मिळत नाहीं. परंतु दंडावर टोंचून घेण्यास येथील लोक मुळांत विन्मुख नव्हते, हें त्यावरून निर्विवाद ठरतें.

अडचण अन्यत्र होती. आठव्या दिवशीं पुन्हां मूल आणून त्याच्या दंडावरील लस दुसऱ्यास देऊं द्यावी लागे. ती कोणत्या जातीच्या मुलाची, हा प्रश्न येई. आणि जुन्या टीकादारांची उपजीविका बुडे. १८६५ त कलकत्त्यांत जुनी चाल कायद्यानें बंद झाली. पुढें बंगाल्यांत कित्येक टीकादारांसच सरकारी देवी काढणारे नेमण्यांत आलें. ओळखीचा मनुष्य दारांत आला, तो उपाय परका राहिला नाहीं. १९७३ पासून देवीच्या रोग्याचें चित्र हातीं घेऊन कार्यकर्ते घरोघर फिरले, खबर देणाऱ्यास बक्षिसें ठरलीं आणि १९७५ च्या मे महिन्यांत ह्या देशांतील शेवटचा रोगी आढळला. हें यश जुन्या कागदावरील नव्या श्लोकांचें नव्हे.

हेतु चांगला असल्यास बनाव क्षम्य मानावा, असें कोणी म्हणेल. पण बनाव एकदां उघडा पडला म्हणजे खऱ्या उपायाविषयींहि संशय घेणाऱ्यास तें आयतें हत्यार मिळतें. आणि टीकेची जी खरी देशी परंपरा होती, ती ह्या खोट्या अभिमानाखालीं झांकून जाते.

पोथीसंग्राहकांस एवढेंच सुचवावयाचें आहे. अशा मजकुराचें सुटें पान कोणाच्या दप्तरांत सांपडल्यास तें धन्वंतरीचें म्हणून मिरवूं नये व बनावट म्हणून टाकूंहि नये. कागद, शाई, अक्षरवळण व पूर्वींचा मालक यांची नोंद करून तें जपावें. धन्वंतरीच्या काळाविषयीं त्या पानाची साक्ष निरुपयोगी असली, तरी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांविषयीं तो अस्सल कागद आहे.