स्वस्ताई आणि तिची किंमत

लष्करातील जुन्या मराठी घरांत १९३० नंतरच्या वर्षांचा विषय निघाला की ‘स्वस्ताईचे दिवस’ हे शब्द हमखास कानी पडतात. शिंदे दरबारच्या चाकरीतील कारकून, शिक्षक, अंमलदार यांचा पगार ठरलेला असे. धान्याचा भाव उतरला की त्याच पगारात घर अधिक सुखाने चाले. ही आठवण खोटी नाही, पण एकांगी आहे. तिची दुसरी बाजू समजण्यासाठी जॉन स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही १९३९ सालची कादंबरी आम्हांला आजही वाचनीय वाटते.

पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात अमेरिकेच्या शहरांत मोटारी, रेडिओ, हप्त्यांवरील खरेदी आणि शेअरबाजार यांची भरभराट होती. शेतकरी मात्र १९२०-२१ मध्ये कोसळलेल्या भावांतून पुरता सावरला नव्हता. ऑक्टोबर १९२९ मध्ये बाजार गडगडला. १९३३ पर्यंत हजारो बँका बुडाल्या आणि काम करणाऱ्या दर चौघांपैकी जवळजवळ एक बेकार झाला. पुढे अवर्षण आणि धुळीची वादळे आली. ओक्लाहोमातून उखडलेले जोड कुटुंब जुनाट मोटारीत संसार भरून कॅलिफोर्नियाकडे निघते, ते या पार्श्वभूमीवर.

स्टाइनबेक यांचे सामर्थ्य आम्हांला करुण प्रसंगांपेक्षा आर्थिक व्यवहाराच्या चित्रणात अधिक दिसते. कुळाला हुसकावणारा ट्रॅक्टर शेजाऱ्याचाच मुलगा चालवतो, कारण त्यालाही रोजचे तीन डॉलर हवे आहेत. त्याच्यामागे बँक, बँकेमागे आणखी कोणी. बंदूक रोखावी तरी कोणावर, हे कुळाला उमगत नाही. भाव टिकावा म्हणून संत्र्यांवर रॉकेल ओतले जाते आणि भुकेले लोक पाहत राहतात. व्यवस्थेतील क्रौर्य खलपुरुषावाचून दाखवणे सोपे नसते. येथे ते साधले आहे. उणीव सांगायची तर, त्याच मळ्यांत राबणारे मेक्सिकन व फिलिपिनो मजूर आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीय कुळे या कथेच्या कडेलाच राहतात.

आता आपल्याकडे पाहावे. १९२९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत हिंदुस्थानातही शेतमालाचे भाव साधारण निम्म्यावर आले. भाव निम्मा झाला आणि साऱ्यात सूट मिळाली नाही, तर तोच सारा भरण्यास दुप्पट धान्य विकावे लागते, कर्जाचेही तेच. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णचलन सोडल्यावर सोन्याचा भाव चढला आणि अडलेल्या घरांतील दागिने मोडीत निघून लंडनकडे जाऊ लागले. दरबारी पगाराचा मोठा आधार हा साराच होता. म्हणजे आमच्या घरांतील स्वस्ताई आणि माळव्यातील शेतकऱ्याची ओढगस्त या दोन वेगळ्या कथा नव्हेत.

त्या काळच्या मराठी कादंबरीने ही कथा कितपत सांगितली? मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’ (१९३३) मध्ये मुंबईच्या गिरणी कामगाराला जागा दिली. फडके-खांडेकरांच्या वाचकवर्गाचे मन मात्र मुख्यतः प्रेम, विवाह आणि ध्येयवाद यांत गुंतले होते. तो वाचकवर्ग पगारदार होता. त्याला जे जाणवले नाही, ते त्याच्या साहित्यातही फारसे उमटले नाही. साहित्याने वाचकाला त्याच्या अनुभवापलीकडे न्यावे, ही अपेक्षा येथे अपुरी राहते.

परभाषेतील ग्रंथ वाचावयाचा तो अशासाठी. ज्यांच्या घरी त्या वर्षांचे जमाखर्चाचे कीर्द-खतावणीचे बाड उरले असेल, त्यांनी गहू-ज्वारीच्या दराचा रकाना पुन्हा एकदा पाहावा. तेथील लहान आकडा आपल्या घराची बचत सांगतो. तोच आकडा पिकवणाऱ्याच्या घरी काय होता, हे विचारण्याची सवय स्टाइनबेक लावतात. आमच्या मते या कादंबरीचे मोल त्या सवयीत आहे.