तात्या परत आला, लक्ष्या नाही

(छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय कळल्यावर एक-दोघांनी आम्हाला विचारलं, व्याख्यानात तात्या विंचू? हसतच विचारलं, पण विचारलं. त्या हसण्यापासूनच सुरुवात करू. ज्याचं नाव काढलं की सभागृह हसतं, त्यानेच इथल्या कित्येकांना लहानपणी रात्री कपाटावरच्या बाहुलीकडे पाठ करून झोपू दिलं नव्हतं. हसू आणि भीती, दोन्ही खरं. हे एका बाहुल्याला कसं जमलं, आणि वीस वर्षांनी तो परत आला तेव्हा त्यातलं किती परत आलं, एवढाच आजचा प्रश्न आहे.

तात्याकडे जाण्याआधी थोडं जपानला जाऊन येऊ. आपल्या शहरात अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो, त्यामुळे परदेशी सिनेमा इथल्या प्रेक्षकाला काही परका नाही. हिदेओ नाकाता यांचा ‘रिंगू’ 1998 साली आला. कथा कोजी सुझुकी यांच्या कादंबरीवरची. एक व्हिडिओ कॅसेट आहे. ती पाहिली की सात दिवसांत मरण. वाचायचं असेल तर कॅसेटची प्रत काढायची आणि दुसऱ्या कोणाला तरी दाखवायची. या सगळ्याच्या मुळाशी सादाको नावाची मुलगी आहे, जिला विहिरीत ढकलून वरून झाकण घातलं गेलं.

आता दुसऱ्या भागाची गंमत बघा. ‘रिंगू’च्या जोडीनेच, त्याच दिवशी, दुसऱ्या दिग्दर्शकाचा ‘रासेन’ हा पुढचा भागही प्रदर्शित झाला होता. लोकांनी तो स्वीकारला नाही. मग 1999 मध्ये नाकाता यांनीच वेगळा ‘रिंगू 2’ केला. त्यात काय कळतं? सादाको विहिरीत पडल्यावर लगेच मेली नव्हती, तीस वर्षं ती आत जिवंत होती. एवढी एक गोष्ट कळली आणि पहिल्या भागातली विहीर बदलली. भीती वाढली आणि तिच्याबरोबर लाजही वाढली, कारण हे तिला माणसांनी केलं होतं. खलनायक दोन सिनेमांना जोडतो तो असा. दुसरा भाग पाहिल्यावर पहिला भाग पूर्वीसारखा दिसत नाही. हे माप लक्षात ठेवा, कारण याच मापाने आपल्याला तात्याला मोजायचं आहे.

‘झपाटलेला’ 1993 चा. दिग्दर्शक महेश कोठारे, आणि इन्स्पेक्टर महेश जाधवही तेच. तात्या विंचू हा गुंड, म्हणजे दिलीप प्रभावळकर. बाबा चमत्कारकडून त्याने मृत्युंजय मंत्र मिळवलेला असतो. पोलिसांची गोळी लागते, मरता मरता तो मंत्र म्हणतो, आणि त्याचा जीव समोरच्या बाहुल्यात शिरतो. तो बाहुला येऊन पडतो लक्ष्याच्या हातात, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या.

हे अमेरिकेच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून आलं, तो 1988 चा, त्यातला बाहुला चकी. हे कोणी नाकारत नाही आणि नाकारायचं कारणही नाही. बाहुल्याने आपलं गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात त्याला परत शिरता येतं, हा नियमसुद्धा तिथलाच. पण तिकडे हे गुपित ऐकतो एक लहान मुलगा. इकडे ऐकतो एक मोठा माणूस, ज्याला शब्दभ्रमकार व्हायचंय! आमच्या मते इथेच हा सिनेमा मराठी झाला. कसा, ते सांगतो.

बोलक्या बाहुल्यांचा खेळ तुम्ही पाहिला असेल. य. के. पाध्ये यांनी अर्धवटराव घडवला, आणि पुढे रामदास पाध्ये यांनी अर्धवटराव आणि आवडाबाई यांना घरोघरी नेलं. अर्धवटराव हा घरातला माणूस होता. आगाऊ, तोंडाळ, पण आपला. बाहुला बोलतो तेव्हा कोण बोलतंय हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे माहीत नसल्याचं नाटक करतात, हाच त्या खेळातला करार. तात्या विंचूचा बाहुला याच रामदास पाध्ये यांच्या हातचा. ज्या हाताने घराला हसवलं त्याच हाताने घराला घाबरवलं. आणि आवाज कोणाचा? दूरदर्शनवर चिमणराव झालेल्या प्रभावळकरांचा. मध्यमवर्गातला इतका भिडस्त, पापभिरू आवाज, आणि तोच चिरका होऊन बाहुल्याच्या तोंडून बाहेर येतो.

आता हा करार लक्ष्याला लावून बघा. शब्दभ्रमकाराच्या हातात बाहुला आहे आणि तो माणूस ओरडून सांगतोय, हा बाहुला स्वतः बोलतो हो! गाव काय म्हणेल? म्हणेल, वा, छान जमलं! त्याचा धंदाच तो. त्याचं खरं बोलणंसुद्धा खेळ ठरतं. आणि आपण थिएटरात बसून काय करतो? आपणही हसतो. लक्ष्मीकांत बेर्डे घाबरले की हसायचं, ही सवय आपल्याला ‘धूमधडाका’पासून, म्हणजे 1985 पासून लागलेली होती. तात्याला हे बरोबर ठाऊक असल्यासारखा तो वागतो. त्याने असा माणूस गाठलाय ज्याचं रडणं कोणी खरं मानणार नाही. विदूषकाच्या हाकेला कोणी धावून येत नाही, ही या सिनेमातली खरी भीती, आणि तिच्यात आपण प्रेक्षक सामील आहोत.

तात्याला स्वतःचं असं दुःख नाही, हेही इथे नोंदवू. सादाकोवर अन्याय झाला होता. आपल्याकडच्या भुतांचंही काहीतरी राहून गेलेलं असतं. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी मेला, तो मुंजा. कोणाची इच्छा राहिली, कोणाचं देणं राहिलं. तात्याचं काही राहिलेलं नाही. त्याला फक्त आणखी जगायचंय, तेही दुसऱ्याच्या शरीरात. त्याच्या साथीदाराचं आडनाव मात्र खवीस, कुबड्या खवीस, म्हणजे नावापुरतं भूत शेजारी ठेवलेलं. स्वतःचं नाव बघा, तात्या. प्रत्येक गल्लीत एक तात्या असतो, वडीलधारा, पानाच्या टपरीवर उभा. त्याला विंचवाची नांगी लावली की झालं. ‘धडाकेबाज’मधला कवट्या महाकाळ मुखवटा घालून आला होता. तात्याला मुखवटा लागला नाही. हिंदीत हाच सिनेमा ‘खिलौना बना खलनायक’ म्हणून गेला. तिथे शीर्षक खलनायकाचं आहे. मराठीत शीर्षक त्याचं आहे ज्याला झपाटलं. हा फरक छोटा नाही.

आता दुसरा भाग. ‘झपाटलेला 2’ जून 2013 मध्ये आला. मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट म्हणून त्याची जाहिरात झाली आणि ते धाडस होतंच, ते मान्य करू. कोठारे होते, पाध्ये होते, प्रभावळकरांचा आवाज होता, बाबा चमत्कार होता, सोबतीला मकरंद अनासपुरे आले. नव्हते ते लक्ष्मीकांत बेर्डे. ते 16 डिसेंबर 2004 रोजी गेले.

आणि इथे तो नियम आठवा. गुपित ज्याला सांगितलं त्याच्याच शरीरात तात्याला शिरता येतं. ते शरीर आता नाही. कथेतही नाही आणि कथेबाहेरही नाही. मग सिनेमा नियम वाढवतो. बाप नाही तर मुलगा. लक्ष्याचा मुलगा आदित्य, ही भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. म्हणजे दिग्दर्शकाने आपल्या मित्राच्या पात्राचा मुलगा म्हणून आपलाच मुलगा उभा केला. आम्हाला विचाराल तर या एका कल्पनेत अख्खा सिनेमा दडलेला होता. खलनायकाचा हक्क वारशाने पुढे चालू राहतो. बापाने एक गुपित ऐकलं, मुलगा त्याची किंमत मोजतोय. तात्या ज्याला शोधत आलाय तो मेलेला आहे, आणि तात्याइतकंच प्रेक्षकही त्यालाच शोधतायत. वीस वर्षांनी थिएटरात आलेला माणूस काय बघायला आला होता? बाहुला, हो. पण बाहुल्याच्या समोर कोण उभं आहे, हेही.

सिनेमाने हे दार किलकिलं केलं आणि लोटून घेतलं. त्याचं लक्ष पडद्याबाहेर वस्तू फेकण्याकडे राहिलं. थ्रीडीमध्ये बाहुला आपल्या नाकापर्यंत येतो. पण तात्याची भीती नाकाजवळची नव्हतीच मुळी. ती खोलीच्या कोपऱ्यातली होती. याची मान मघाशी इकडे होती का, असं वाटायला लावणारी. आणि आदित्य हा नायक लिहिला आहे. देखणा, धीट, ज्याच्या बोलण्यावर लोक विश्वास ठेवतील असा. आदिनाथ यांनी ते काम मनापासून केलंय. पण तात्याला हवा होता तो माणूस ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तो नसला की तात्या नुसता गुंड उरतो, फार तर फार वात्रट गुंड.

कोणी म्हणेल, बेर्डे नव्हते तर करणार काय? सिनेमा काढायचाच नाही का? काढायचा ना. पण नसणं लपवण्यापेक्षा ते कथेत आणता आलं असतं. नाकातांनी तेच केलं. ‘रिंगू 2’मध्ये सादाकोच्या कवटीवर माती चढवून तिचा चेहरा पुन्हा घडवतात आणि ते शरीर शेवटी समुद्राला देतात. मेलेल्याला मेलेलं म्हणून वागवलं, त्यामुळे तिची दहशत टिकली. आपल्याकडे खलनायकाला नवं तंत्र मिळालं, आणि लक्ष्याच्या वाट्याला मुलाची ओळख सांगण्यापुरता उल्लेख आला. मघाचं माप लावलं तर ‘झपाटलेला 2’ पाहून पहिला ‘झपाटलेला’ बदलत नाही. तो होता तसाच राहतो. आमचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते रागाने नाही, थोडं हळहळून आहे.

शेवटी एक साधी गोष्ट सांगून थांबतो. बाहुला जिवंत कशाने होतो? हात रामदास पाध्ये यांचा, आवाज प्रभावळकरांचा, हे आपण पाहिलं. पण तिसरा माणूस लागतो, समोर उभा राहून त्या बाहुल्यावर विश्वास ठेवणारा. लाकूड-कापडाच्या तोंडाकडे बघून ज्याचा घसा खरोखर कोरडा पडतो, असा. 1993 मध्ये तो तिसरा माणूस लक्ष्मीकांत बेर्डे होते. दोन भागांना तात्या जोडतो असं आपण म्हणतो. तात्यात जीव फुंकणारा मात्र पहिल्याच भागात होता.

घरी गेल्यावर पहिला ‘झपाटलेला’ पुन्हा लावा. मुलं असतील तर त्यांना घेऊन बसा, ती हसतील आणि मग पाय वर घेऊन बसतील. तात्या बोलायला लागला की या वेळी त्याच्याकडे बघू नका. लक्ष्याच्या डोळ्यांकडे बघा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.