कर्णाची फिर्याद आणि बाहुकाचं गाणं

जून २०२४ मध्ये आलेल्या 'कल्की २८९८ एडी'च्या शेवटी प्रभासच्या हाती धनुष्य येतं. हा तर कर्ण, हे कळताच थिएटर शिट्ट्यांनी भरून जातं. कर्ण आला, म्हणजे त्याचं दुःख आलं, त्याच्यावरचा अन्याय आला. आता पुढच्या भागात हिशेब चुकता होणार. याच सिनेमात अश्वत्थामाही आहे. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा नर्मदा परिक्रमेच्या कथांमधून मराठी घरांत पिढ्यानपिढ्या परिचयाचा. सिनेमानं त्याला यंत्रं लोळवणारा पहिलवान करून टाकलं. मरण मागूनही न मिळालेल्या माणसाच्या मनाचं काय होत असेल, ही विचारपूस कोट्यवधींच्या बजेटात बसली नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रँडन सँडरसन या अमेरिकी लेखकाच्या 'स्टॉर्मलाइट' मालिकेचा पाचवा ग्रंथ आला. तिचा नायक कॅलडिन हा उदासीनं ग्रासलेला योद्धा. हल्ली पुण्यामुंबईतच नव्हे, अकोल्या-वाशीमकडच्या पोरांच्याही मोबाइलमध्ये ही विटेएवढी पुस्तकं असतात आणि 'आपल्याकडे असं कुणी लिहीत का नाही?' असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे, पण अर्धवट. आपल्याकडे असं लिहिलं गेलं होतं. गेल्या साठ वर्षांत ते झाकून टाकण्याचं काम मराठी कादंबरीनं नेटानं केलं.

१९६७ हे साल त्यासाठी लक्षात ठेवावं. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सांगता आदल्याच वर्षी झाली होती. तीत द्रौपदीनं स्वयंवरात कर्णाला सूतपुत्र म्हणून झिडकारल्याचा प्रसंग मूळ संहितेतून तळटीपेत गेला. मराठी वाचकाच्या काळजातला सगळ्यात लाडका घाव असा प्रक्षिप्त ठरला. आणि १९६७ मध्ये दोन कर्ण बाजारात आले. एक शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मधला, दुसरा इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'मधल्या 'मी कोण?' या लेखातला.

कर्व्यांचा कर्ण आतून फुटलेला आहे. आपण कोण, हे त्याला कधीच नीट ठरवता आलं नाही. म्हणून तो नको तिथे नको तितकं बोलतो, द्यूतसभेत क्रूर होतो, घोषयात्रेत गंधर्वांपुढे पळ काढतो. हे सगळं बाई न रागावता आणि न रडता मांडतात. सावंतांचा कर्ण पहिल्या पानापासून सूर्यासारखा तळपतो. त्याच्या आत काही मोडलेलं नाहीच. जे मोडलं ते जगानं. सहा निवेदक आळीपाळीनं साक्षीला उभे राहतात आणि साक्षी बहुतेक एकाच बाजूच्या. 'युगान्त'ला साहित्य अकादमी मिळाली, 'मृत्युंजय'ला महाराष्ट्र मिळाला. पुढे १९७३ मध्ये रणजित देसाईंच्या 'राधेय'नं तोच दावा मखमली भाषेत पुन्हा दाखल केला.

या दोन कर्णांमधला फरक बारीक वाटतो, पण वादाचं मूळ तिथंच आहे. फिर्यादीला आरोपी लागतो. कुंतीनं टाकलं, द्रोणानं नाकारलं, परशुरामानं शाप दिला, इंद्रानं कवच नेलं: आरोपींची यादी पूर्ण झाली की वाचक डोळे पुसून मोकळा होतो. उदासीला असा आरोपी सापडत नाही. सगळं मिळूनही जेवण जात नाही, अंथरुणातून उठवत नाही, आरशातला माणूस परका वाटतो. हे लिहायला अवघड, कारण वाचकाला रागवायला कुणी नाही. मराठी पौराणिक कादंबरीनं सोपा रस्ता धरला आणि दुःखाच्या नावाखाली गाऱ्हाणं विकलं.

बाकीच्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. खांडेकरांच्या 'ययाति'त मृत्यूच्या भयानं पोखरलेला माणूस खरोखर दिसू लागतो, तोवर कच प्रवचनाला येऊन बसतो. अमीश यांच्या 'मेलुहा'तला शिव लहानपणीच्या अपराधाची स्वप्नं पाहतो आणि दोन मारामाऱ्यांत बरा होतो. आनंद नीलकंठन यांनी रावणाला आणि दुर्योधनालाही वकील मिळवून दिला. टीव्हीवरच्या कर्णांविषयी न बोललेलं बरं.

गंमत अशी, की दुर्योधनाला वकिलाची गरजच नव्हती. वनपर्वात गंधर्वांच्या हातून बंदी झालेला हा राजा पांडवांमुळे सुटतो. त्या शरमेनं दर्भासनावर बसून तो प्रायोपवेशन मांडतो. कर्ण समजावतो, शकुनी समजावतो, दुःशासन पाय धरून रडतो, पण त्याच्या मनाला काही पोचत नाही. खलनायकाच्या मनात शिरण्याची अशी तयार वाट सोडून कादंबरीकार पुन्हा अन्यायाच्या चावडीवर का जातात, कळत नाही.

आणि नळ! वऱ्हाडचा जावई. दमयंती विदर्भराज भीमाची लेक आणि कुंडिनपूर म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर, असं परंपरा मानते. रघुनाथ पंडितानं मराठीला हंस दिला, स्वयंवर दिलं आणि लोकांनी तेवढंच उचललं. पण आख्यानाचा गाभा लग्नानंतरचा आहे. कली बारा वर्षं टपून बसतो आणि एका संध्याकाळी पाय धुवायचे राहिले, एवढ्या फटीतून नळाच्या आत शिरतो. कारण इतकं क्षुल्लक ठेवण्यात केवढी समज आहे! मग भाऊ पुष्कराशी द्यूत, वनवास. झोपलेल्या बायकोचं अर्धं वस्त्र कापून तो निघतो, परत येतो, पुन्हा निघतो. मन दुभंगून झोपाळ्यासारखं हेलकावे खात राहतं, असं व्यासांनी थेट लिहून ठेवलं आहे. पुढे कर्कोटकाच्या दंशानं रूपच बदलतं. निषधांचा राजा अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे बाहुक नावाचा ठेंगणा, बेढब सारथी होऊन घोडे सांभाळतो, स्वयंपाक रांधतो. रोज संध्याकाळी एकच श्लोक म्हणतो: ती भुकेली, दमलेली बाई आता कुठे निजली असेल, अशा अर्थाचा. सोबतीला असलेला जीवल विचारतो, ही कोण? तर बाहुक उत्तर देतो, एका मंदबुद्धी माणसाची बायको होती. स्वतःबद्दल तिसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं बोलतो.

दुभंगलेल्या ओळखीचं याहून नेमकं चित्र अलीकडच्या कोणत्या कादंबरीत आहे? आणि ही कथा कुणाला सांगितली जाते, तेही पाहावं. माझ्याइतका दुःखी राजा दुसरा कोणी नाही, असं म्हणणाऱ्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी ती ऐकवतो. 'लढ' म्हणत नाही, 'विसर' म्हणत नाही. शेवटी फाशांची विद्या मात्र शिकवून जातो.

हा सूर वऱ्हाडातल्याच वाशीमला परका असायचं कारण नाही. जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, पण वत्सगुल्म म्हणून हे गाव वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतं. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष देशभर भटकून साहित्यविद्येशी लग्न लावतो ते याच नगरात. इथल्या सर्वसेन राजाचं 'हरिविजय' हे प्राकृत महाकाव्य काळानं गिळलं. पण याच घराण्यातल्या हरिषेणाचा सचिव वराहदेव यानं पाचव्या शतकात अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं, ते उभं आहे. त्याच्या भिंतीवर नंद आहे. बुद्धाचा हा सावत्र भाऊ गालावरची रंगरेघ सुकायच्या आत परततो, असं बायकोला सांगून निघाला आणि मुंडण करून भिक्षू होऊन बसला. अश्वघोषाच्या काव्यातला हा प्रसंग. चित्रात संन्याशाच्या वस्त्रांतला नंद खिन्न बसलेला आहे. दुसरीकडे सेवक त्याचा मुकुट घेऊन आला आहे आणि तो पाहून त्याची बायको सुंदरी ढासळते. मान कलंडलेली, बोटं सैल, मागून दासीनं सावरलेलं. ब्रिटिश अभ्यासकांनी तिला 'मरणोन्मुख राजकन्या' केलं. या भिंतीवर खलपुरुष नाही. मुकुट काढून घेणारा साक्षात बुद्ध आहे. त्याच्यावर फिर्याद कोण लावणार?

लोकपरंपरेतही ही नस शाबूत होती. शनिवारी घरोघर वाचल्या जाणाऱ्या शनिमाहात्म्यातला विक्रम राजा चोरीचा आळ येऊन हातपाय गमावतो, तेल्याच्या घाण्यावर बसून बैल हाकतो आणि रात्री दीपक राग गातो. बाहुकाचा हा सख्खा भाऊच. आता कोणी म्हणेल, कली काय नि शनी काय, या अंधश्रद्धा. बरोबर. साडेसाती म्हणून डॉक्टरऐवजी ज्योतिष्याकडे नेलेल्या माणसांची फरपट या भागाला नवी नाही. पण कथा म्हणून त्यातली सोय बघा. जे झालंय ते बाहेरून आत आलेलं आहे, त्याला मुदत आहे, ते जाणार आहे. माणूस नालायक ठरत नाही आणि शेजारीही आरोपी ठरत नाही.

आधुनिक मराठीत ही वाट चालले ते जी. ए. कुलकर्णी. 'रमलखुणा' (१९७५) मधल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथा म्हणजे मराठीतली अस्सल अद्भुतरम्य गाथा. प्रदेश अनोळखी, काळ अनोळखी, आणि नायकाच्या पायाखालची जमीन कायम सरकती. त्यांचा वारसा पुढे कोणी चालवला? जीएंवर प्रबंध लिहिणारे ढीगभर निघाले.

परदेशी कोठारात निवड करावी लागते. टॉल्किनचा फ्रोडो १९५५ मध्ये युद्ध जिंकून घरी परतला, पण जखमेच्या तारखेला दरवर्षी आजारी पडत राहिला आणि अखेर ते घर सोडून गेला. त्या काही पानांवर पुढची सत्तर वर्षं बेतली आहेत. रॉबिन हॉबचा फिट्झ त्याच कुळातला. सँडरसनचं मोठेपण हे, की कॅलडिनची उदासी पराक्रमानं जात नाही. आठवडेच्या आठवडे पाऊस लागला की ती गडद होते, कारणाविना. शालान ही त्याची नायिका स्वतःचे तुकडे करून प्रत्येकीला वेगळं नाव देते. इथवर वाहवा. पाचव्या ग्रंथात मात्र कॅलडिन समुपदेशक होतो आणि तलवारीच्या जगात दवाखान्यातली परिभाषा घुमू लागते. बाहुकाच्या एका श्लोकात जे मावलं, त्यासाठी इथे प्रकरणंच्या प्रकरणं खर्ची पडतात.

तरीही निवड करायचीच तर सँडरसनचं पारडं सावंतांपेक्षा जड ठरेल. कारण त्याच्या नायकाला जगायचं आहे. मराठी कर्णाला सुंदर मरायचं आहे. त्याच्या मरणावर कादंबरी सगळी आतषबाजी खर्च करते: मावळता सूर्य, रुतलेलं चाक, शेवटचं दान. मेल्यावर सगळ्यांना त्याची किंमत कळते. हा शेवट ज्या मुलखात सर्वाधिक प्रेमानं वाचला जातो, त्यात २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधले विदर्भाचे सहा जिल्हे आहेत आणि त्यांत वाशीम आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ते पॅकेज आलं होतं. कादंबरी वाचून कोणी मरत नाही, हा आरोप इथे नाहीच. सोयाबीनचा भाव आणि सावकाराचं व्याज यांना साहित्य जबाबदार नाही. पण मेल्यावर किंमत कळते, हे वाक्य कथेनं पुन्हा पुन्हा खरं करून दाखवावं का? फ्लेक्सवर 'दानशूर कर्ण' छापणाऱ्या पुढाऱ्यांना ते परवडतं. गप्प गप्प झालेल्या माणसाच्या घरच्यांना परवडत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: कर्ण हा जातीनं डावललेल्यांचा आवाज आहे. तो अपमान खराच आहे. पण ज्यांनी तो सोसला त्यांनी काय लिहिलं? दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) उघडा. तिथे दगडू मारुती पवार आणि दया पवार समोरासमोर बसून बोलतात. एकाच माणसाच्या दोन चिरा, एकमेकींना ओळखतात आणि लाजतातही. कवचकुंडलं नाहीत, गुप्त राजवंश नाही. कर्णाची कादंबरी मात्र शेवटी त्याला क्षत्रिय ठरवूनच दिलासा देते. सूताचा मुलगा म्हणून तो मोठा, एवढं म्हणायची हिंमत तिच्यात नाही.

तेव्हा बाहुकाची कादंबरी मराठीत यायला हवी आणि ती वऱ्हाडातून यावी. तीत घोड्यांचा वास हवा, रांधपघर हवं, रोजची तीच संध्याकाळ हवी. बरं होणंही घाईत उरकू नये. व्यासांनी ते उरकलेलं नाही. ओळख पटल्यावरही नळ लगेच राज्य जिंकायला धावत नाही. महिनाभर सासुरवाडीला, कुंडिनपुरातच राहतो, मग मोजक्या लवाजम्यानिशी निघतो. आणि फासे जिंकून पुष्कर पायाशी आल्यावर त्याला सांगतो की तेव्हा मला हरवलंस ते तू नव्हेस, ते कलीचं काम होतं. त्याचा वाटा त्याला परत देतो, मानानं घरी पाठवतो. आपला कादंबरीकार या जागी आला, तर पुष्कराचं मुंडकं उडवल्याशिवाय त्याला प्रकरण संपवता येईल का, आणि संपवलंच तर प्रकाशक ते छापेल का?