लुटुपुटीच्या लढाईचे नियम

एच. जी. वेल्स हे नाव आपल्याला विज्ञानकथांमुळे ठाऊक असते. हा लेखक टी. एच. हक्स्ले यांच्याकडे जीवशास्त्र शिकला होता आणि काही काळ शाळामास्तरही होता, हे मात्र फारसे ध्यानात राहत नाही. १९१३ साली त्याने ‘लिटल वॉर्स’ हे छोटे पुस्तक लिहिले. खेळण्यातले शिशाचे सैनिक जमिनीवर मांडून लढाई कशी खेळावी, हा त्याचा विषय. आज टेबलावर छोट्या पुतळ्यांच्या ज्या चकमकी खेळल्या जातात, त्यांच्या पूर्वजांत हे पुस्तक मोडते.

नियम मोजकेच आहेत. पायदळ एका चालीत एक फूट सरकते, घोडदळ दोन फूट. तीस सैनिकांमागे एक मिनिट आणि प्रत्येक तोफेमागे एक मिनिट, एवढ्या वेळात चाल पुरी करायची. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळा सुटतो. त्याने जो पडला तो मेला. पाठबळ असलेल्या तुकड्या भिडल्या, तर माणसाला माणूस या हिशेबाने दोन्हीकडचे सैनिक उचलायचे. फाशांचे काम नाही.

पुस्तकाचा मोठा गुण असा की, हे नियम कसे सुचले तेही वेल्स सांगतो. खेळ रेंगाळू लागला म्हणून वेळेची मर्यादा आली. करून पाहावे, अडावे, नियम बदलावा, पुन्हा करून पाहावे, ही तर प्रयोगशाळेचीच रीत. खेळ शिकणे म्हणजे नियम पाठ करणे नव्हे, हे इथे सहज पटते.

परंतु कोणताही नियम म्हणजे जगाबद्दलचे एक गृहीतक असते, आणि ते तपासायला हवे. दहा सैनिक सहांना भिडले, तर वेल्सच्या हिशेबाने चार उरतात. हातघाईपुरते हे ठीक. पण दोन्ही बाजू दुरून नेम धरून गोळ्या झाडत असतील, तर दहांच्या बाजूला दुहेरी फायदा मिळतो : तिच्या बंदुका जास्त, आणि तिच्या प्रत्येक माणसावर रोखलेल्या बंदुका कमी. इंग्रज अभियंता लँचेस्टर याने १९१४ मध्ये हे गणित मांडले. त्यानुसार बळाचा हिशेब संख्येच्या वर्गाने होतो : १०० वजा ३६ म्हणजे ६४, त्याचे वर्गमूळ ८. चार नव्हे, आठ उरतात! वेल्सच्या मुख्य नियमांत पायदळाला बंदूक झाडताच येत नाही. ज्या शस्त्राने युद्धाचे रूप पालटले होते, तेच मॉडेलमधून गळले.

दुसरी उणीव मुखपृष्ठावरच आहे. हा खेळ बारा ते दीडशे वर्षांच्या मुलग्यांसाठी, आणि मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या हुशार मुलींसाठी, असे तिथे म्हटले आहे. त्याचे उत्तर आम्हाला घरीच मिळाले. एका रविवारी आम्ही काही सहकारी मुलांसह फरशीवर बसलो. बुद्धिबळातली प्यादी सैनिक झाली, पुस्तकांच्या टेकड्या झाल्या, चालीला फूटपट्टी होतीच. तोफेऐवजी कॅरमचा स्ट्रायकर. मुलगे नेम साधण्यात दंग होते. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीने विचारले, “यात जखमी कुणीच होत नाही का?”

आम्ही निरुत्तर झालो. मग तिनेच नियम केला : पडलेला सैनिक तिथेच राहील, आणि दोघांनी त्याला मागच्या कडेपर्यंत न्यायचे. दोन चालींतच सैन्य विरळ झाले, आणि मघाशी बेधडक पुढे घुसणारे मुलगे प्रत्येक प्यादे हलवताना विचार करू लागले.

खऱ्या युद्धापेक्षा लुटुपुटीचे युद्ध बरे, हा वेल्सचा समारोप आम्हाला मान्य आहे. पण पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, आणि त्याच वेल्सने युद्धे संपवणारे युद्ध म्हणून त्याचा पुरस्कार केला. खेळ खेळल्याने आपोआप शहाणपण येत नाही, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

तरीही हा खेळ वर्गात जरूर आणावा, असे आम्ही सुचवू. फक्त शेवटची दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि विचारावे : या नियमांत काय धरले आहे, आणि काय सोडले आहे?