भोपळ्याचे कौतुक, घोडीची उपेक्षा

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांविषयी लिहिताना पंढरपूरकडचा भोपळा, तुणीचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब यांचे वर्णन ठरलेले असते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. एकाच शेतातला भोपळा आणि एकाच ओंडक्याचे लाकूड वापरूनही एक तंबोरा घुमतो आणि दुसरा मुका का राहतो, हे त्यातून कळत नाही.

त्याचे उत्तर बरेचसे घोडीच्या माथ्यावर आहे. गिटारच्या घोडीवर तार अरुंद कडेवर टेकते. तिथे झणझण आली तर कारागीर ती दोष म्हणून काढून टाकतो. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असून तिच्या माथ्याला अगदी किंचित उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार या उतारावर टेकते आणि सुटते. म्हणजे प्रत्येक कंपनात तिची मोकळी लांबी थोडी बदलते. त्यामुळे मूळ स्वराची ऊर्जा वरच्या उपस्वरांत जाते. तारेखाली सरकवलेला सुती दोरा, ज्याला ‘जीव’ म्हणतात, तो हे टेकणे नेमके जुळवतो. कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस फिरवतो. यालाच जवारी काढणे म्हणतात. तबलीची जाडी आणि भोपळ्याचा आकार आवाजाला भरदारपणा देतात हे मान्य. पण ते वाद्य घडतानाच ठरते. जवारी मात्र तारांच्या घर्षणाने झिजते व पुन्हा काढावी लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेच्या कपाटात मुका पडलेला तंबोरा निकामी झालेला असेलच असे नाही. त्याची जवारी बसली असेल, एवढेच.

पाठ्यपुस्तकांतही घोडी दुर्लक्षितच आहे. सोनोमीटरची तार दोन धारदार पाचरींवर टेकलेली, म्हणून नियम सुटसुटीत: ज्या बिंदूवर छेडावे, तिथे निस्पंद असणारे उपस्वर उमटत नाहीत. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या कार्यवृत्तात दाखवून दिले, की तंबोरा हा नियम पाळत नाही. शंभर वर्षे झाली. आपल्या वर्गात तंबोरा अजून संगीताच्या तासालाच येतो.

तपासायला फार काही लागत नाही. गिटारची मोकळी तार बरोबर मध्यावर छेडा आणि लगेच त्याच जागी बोट अलगद टेकवा. आवाज जवळजवळ बंद होतो. आता हेच जवारी काढलेल्या तंबोऱ्यावर करा. वरच्या सप्तकातला षड्ज स्पष्ट ऐकू येत राहतो. मग जीव बाजूला सरकवा आणि पुन्हा छेडा. फरक कशामुळे पडला, हे विद्यार्थ्यांना सांगू द्या.