वारली चित्रकला ‘आदिमानवाची कला’ आहे काय? : एका रूढ विधानाची चिकित्सा

वारली चित्रकलेविषयीच्या माहितीपर लेखनात एक विधान हमखास आढळते. ही चित्रे भीमबेटकाच्या गुहाचित्रांसारखी दिसतात, म्हणून ही कला आदिमानवापासून चालत आली आहे, असे ते विधान होय. यशोधरा दालमिया यांच्या ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ (१९८८) या महत्त्वाच्या ग्रंथाचा हवाला देऊन इ. स. पू. २५०० ते ३००० असा काळही सांगितला जातो. दादरा आणि नगर हवेलीत २०११ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे असून त्यांत वारली समाज मोठा आहे. सिल्वासा येथील वर्गांत वारली विद्यार्थी आपल्यासमोर बसतात. त्यांच्यासमोर हे विधान उच्चारण्यापूर्वी ते तपासून घेणे आवश्यक आहे. केवळ सांगणाऱ्यावर विसंबून कोणतीही खबर स्वीकारू नये, ती संभवते की नाही हे आधी पाहावे, हा इब्न खल्दून यांनी ‘मुकद्दिमा’त (१३७७) घालून दिलेला दंडक येथेही लागू पडतो.

साम्याचे तीन अर्थ

भाषेच्या अध्यापकांना साम्याचे तीन प्रकार परिचित आहेत. संस्कृत ‘नाम’ आणि फारसी ‘नाम’ यांतील साम्य एकाच पूर्वज भाषेमुळे आलेले आहे. मराठीतील ‘दुकान’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. ती उसनवारी आहे. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ एकच, उच्चारही जवळचा. तरीही त्यांचा परस्परांशी संबंध नाही, तो निव्वळ योगायोग आहे. शब्दांच्या बाबतीत आपण ही छाननी करतो. चित्रांच्या बाबतीत मात्र साम्य दिसताच वारसा गृहीत धरला जातो.

पाटणे येथील पुरावा

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणे येथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा कोरीव तुकडा मिळाला. त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची नक्षी असून त्याचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. दक्षिण आफ्रिकेतील डीपक्लूफ येथे अशाच कवचांवरील कोरीवकाम सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीचे आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ पॉल मेलर्स यांनी २००६ मध्ये पाटणे येथील नक्षी आणि आफ्रिकेतील नक्षी यांच्या साम्याकडे लक्ष वेधून ते मानवाच्या स्थलांतराच्या पुराव्यांत मांडले.

आधुनिक मानव आफ्रिकेतून बाहेर पडला, याला जनुकशास्त्राचा भक्कम आधार आहे. परंतु नक्षीही त्याच्यासोबत आली, हे त्यावरून सिद्ध होत नाही. दोन्ही पुराव्यांत सुमारे ३५,००० वर्षांचे अंतर आहे, आणि आडव्यातिडव्या रेघा कोणताही हात स्वतंत्रपणे काढू शकतो. चित्र काढण्याची क्षमता आपल्या सर्वांना त्या पूर्वजांकडून मिळाली असे म्हणता येईल. विशिष्ट आकृतीबद्दल तसे म्हणण्यास वेगळा पुरावा हवा.

भीमबेटका आणि वारली भिंत

हीच कसोटी वारली चित्रांना लावून पाहू. वि. श्री. वाकणकर यांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेली भीमबेटकाची चित्रे एका काळातील नाहीत. मध्याश्मयुगीन शिकारदृश्यांपासून ऐतिहासिक काळातील घोडेस्वार व शस्त्रधारी यांच्यापर्यंत त्यांचा पल्ला आहे. तेव्हा ‘भीमबेटकासारखी’ म्हणजे नेमकी कोणत्या थरातील चित्रांसारखी, हे आधी सांगावे लागेल.

दुसरा मुद्दा साधनांचा आहे. भीमबेटकाचे रंग खनिजांचे आणि पाया खडकाचा, म्हणून ती चित्रे टिकली. वारली चित्र शेणाने किंवा गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढले जाते. तांदूळ, गाईचे शेण आणि राहते घर या तिन्ही गोष्टी शेती करणाऱ्या, स्थिरावलेल्या समाजाच्या आहेत. शिवाय असा कूड पुन्हा सारवला जातो आणि चित्र पुसले जाते. हजारो वर्षांपूर्वीचा नमुना या माध्यमात शिल्लक राहणे शक्य नाही. म्हणजे ज्या पुराव्यावर काळ ठरवायचा, तोच येथे उपलब्ध नाही.

आशयही वेगळा आहे. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, त्यात पालघाट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते. हा विवाहविधीचा आणि सुफलतेचा विचार आहे. त्याला शिकारदृश्यांची नक्कल म्हणता येत नाही.

निष्कर्ष

‘आदिमानवाची कला’ हे शब्द गौरवाचे वाटतात, पण त्यांचा परिणाम उलटा होतो. कला जितकी प्राचीन ठरवावी, तितका तिचा कर्ता अनामिक होतो. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांनी ही कला विधीच्या चौकटीबाहेर कागदावर आणली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा इतिहास तारखांसह आणि नावासह आपल्यासमोर आहे. त्याआधी चौक लिहिणाऱ्या असंख्य स्त्रियांची नावे मात्र नोंदली गेली नाहीत.

म्हणून वर्गात वारली चित्र दाखवताना ‘किती हजार वर्षे जुने?’ याआधी ‘कोणी काढले, कोणत्या प्रसंगी, कशाने?’ हे प्रश्न विचारले जावेत. त्यांची उत्तरे वर्गातील विद्यार्थ्यांच्या घरीच मिळण्याजोगी आहेत. आपल्या आईची वा आजीची कला आदिमानवाची आहे, असे ऐकण्यापेक्षा ती आजच्या जाणत्या माणसांची निर्मिती आहे, हे त्या विद्यार्थ्याला कळणे अधिक न्याय्य आहे, आणि उपलब्ध पुराव्याशी ते अधिक सुसंगतही आहे.